झँडरचं खोटं कोणाच्या खात्यावर? (बफी, सातही सीझनचे स्पॉयलर)

सोनचाफा

नमस्कार मंडळी. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' (व्हॅम्पायर मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची अमेरिकन मालिका) अजून बघायची असेल तर इथूनच मागे फिरा, खाली सगळं फोडलेलं आहे.

मी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. भुताखेतांच्या मालिकांच्या वाटेला कधी गेले नव्हते. लेक वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आली आणि जेवणं झाली की टीव्ही तिच्या ताब्यात. "आई, पहिला सीझन सोस, पुढे तूच मला हाका मारशील." पहिला खरंच सोसला (ते रबरी राक्षस!). दुसऱ्यात बफीच्या शाळेतली शिक्षिका जेनी कॅलेंडर गेली त्या रात्री भांडी तशीच सिंकमध्ये टाकून आडवी झाले. झोप कुठली यायला!

आता मालिका संपलीय आणि घरात दोन तट पडलेत. बफीवर प्रेम करणारे दोन व्हॅम्पायर, स्पाइक आणि एंजल. लेक स्पाइकच्या बाजूची, तिची मैत्रीण एंजलच्या. दोघींचं व्हिडिओ कॉलवर जे चालतं ते ऐकून आमचे हे म्हणाले, "मेलेल्यांची स्थळं बघताय का?"

दोघींचा सगळा वाद आत्म्यावरून. मालिकेचा नियम असा की माणूस व्हॅम्पायर झाला की त्याचा आत्मा जातो. आठवणी, आवाज, विनोदबुद्धी राहते, टोचणी राहत नाही. एंजलला १८९८ साली रोमा लोकांच्या एका टोळीने शाप म्हणून आत्मा परत दिला, केलेल्या पापांची आठवण त्याला जन्मभर जाळत राहावी म्हणून. निखळ सुखाचा एक क्षण लाभला की आत्मा पुन्हा जाणार, ही त्यातली मेख. बफीच्या सतराव्या वाढदिवसाच्या रात्री ती मेख लागू पडते आणि पुढचे काही महिने तो बफीच्या गावात, सनीडेलमध्ये, हैदोस घालतो. जेनीची मान मोडून तिला तिच्या प्रियकराच्या, म्हणजे बफीचा गुरू जाइल्सच्या, पलंगावर नेऊन ठेवतो, जिन्यावर गुलाब, गाणं लावलेलं. जाइल्स बिचारा वाइनची बाटली हातात घेऊन हसत वर चढतो. मैत्रिणीचं म्हणणं, ते एंजलने केलंच नाही, तेव्हा त्याला आत्मा नव्हता. लेकीचं म्हणणं, मग स्पाइकला तर आत्मा नसतानाही प्रेम करता आलं, बफीच्या बहिणीचं, डॉनचं, गुपित फोडायचं नाही म्हणून ग्लोरी नावाच्या दुष्ट देवीकडून हाडं मोडून घेतली, आणि शेवटी आत्मा मिळवायला तो आपल्या पायांनी आफ्रिकेत गेला. यावर मैत्रीण 'सीईंग रेड' या भागातला बाथरूमचा प्रसंग काढते, स्पाइक बफीवर जबरदस्ती करू बघतो तो. मग पाच मिनिटं शांतता. तो प्रसंग मला पुन्हा बघायचा नाही.

माझं म्हणणं या दोघींच्या पलीकडचं आहे. बिनआत्म्याच्या दोघांची एवढी चिरफाड चालते, तेवढ्यात आत्मा असलेले सुमडीत निसटून जातात.

बफीचा मित्र झँडर घ्या. दुसऱ्या सीझनचा शेवट, 'बिकमिंग'चा दुसरा भाग. बफीची जादू करणारी मैत्रीण विलो हॉस्पिटलमध्ये नुकती शुद्धीवर आलीय आणि एंजलचा आत्मा परत आणायचा मंत्र पुन्हा म्हणायचं तिने ठरवलंय. हे बफीला सांगायला झँडर निघतो. सकाळची वेळ, झाडी, बफीच्या हातात तलवार, याचा एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसऱ्या हातात दगड. विलोने निरोप दिलाय म्हणतो. बफी थांबते. मग त्याच्या तोंडावर अर्धा सेकंद काहीतरी येऊन जातं, आणि तो निरोप बदलतो: चांगली खोड मोड त्याची. मी लेकीला तो तुकडा परत लावायला लावला. तो अर्धा सेकंद म्हणजे त्याने विचार केलेला आहे. तोंडातून निसटलेलं खोटं नाही ते. पुढे आपल्याला माहीतच आहे. आत्मा परत येतो, पण तोवर नरकाचं दार उघडलेलं, आणि ते मिटायला एंजलचंच रक्त हवं. बफी त्याला जवळ घेते, डोळे मिट म्हणते आणि तलवार आरपार घालते.

हाच झँडर सहाव्या सीझनच्या गाण्यांच्या भागात त्या नाचऱ्या राक्षसाला बोलावतो, कशासाठी, तर आपलं आणि होणाऱ्या बायकोचं, आन्याचं, पुढे नीट होईल ना हे बघायला! माणसं नाचता नाचता जळून मेली. एक तर आपल्यासमोर पेटतो. शेवटी झँडर शाळेतल्या पोरासारखा हात वर करतो आणि विषय हसण्यावारी जातो. मेलेल्यांच्या घरच्यांना कोणी सांगितलं असेल?

आणि विलो. माझी लाडकी विलो. प्रेयसी टाराशी जादूच्या अतिरेकावरून भांडण झालं, तर हिने एका फुलाच्या मंत्राने टाराच्या डोक्यातून ते भांडणच पुसून टाकलं. टारा दुसऱ्या दिवशी खूश, गाणी म्हणतेय, प्रेमात बुडालीय. ग्लोरीने जिच्या मेंदूची चाळण केली होती आणि जिला विलोनेच परत माणसात आणलं होतं, तिच्याच डोक्यात हात घातला. उघडकीला आल्यावर टारा तेच म्हणते, ग्लोरीने जे केलं त्यानंतर तुला हे करवलं कसं? तर हिने आणखी मोठा मंत्र घातला! मग मालिकेने त्याला काय नाव दिलं, तर व्यसन. जादूची नशा. हात थरथरतायत, घाम येतोय. म्हणजे पुन्हा तेच, 'ती तिच्यात नव्हती.' बाईला आत्मा असूनही पळवाट मिळाली.

वर्गात मारामारी झाली की मागच्या बाकावरच्याला आधी उभं करायचं, तो नसला तरी, आणि वक्तृत्वाचं बक्षीस आणणाऱ्याने मधल्या सुट्टीत काय केलं ते स्टाफरूममध्ये हसत सांगायचं, हे मी पुष्कळ बघितलंय. मला या मालिकेत तेच दिसतं.

तर विचारायचं असं, की हा लेखकांचा ढिसाळपणा, की त्यांना हेच दाखवायचं होतं? आणि आत्मा असलेल्यांमध्ये सर्वांत जड गुन्हा तुमच्या मते कोणाचा? माझ्या मते विलोचा, टाराच्या बाबतीतला. टाराला गोळी घालणाऱ्या वॉरनचा सुद्धा त्याच्यानंतर.

केद्या

काकू, दंडवत! पण झँडरवर एवढा राग बरा नाही.

जरा लढाईच्या बाजूने बघा. बफी मारायला चाललीय. तिला सांगितलं असतं की विलो प्रयत्न करतेय, कदाचित आत्मा येईल, तर ती प्रत्येक वार जपून करणार. समोर एंजलस (म्हणजे बिनआत्म्याचा एंजल), ज्याला नरकाचं दार उघडायला फक्त आपल्या रक्ताळलेल्या हाताने त्या दगडी राक्षसातली तलवार उपसायची आहे. आणि उपसलीच त्याने, बफी त्याच्या माणसांशी लढत असताना. ती पूर्ण जोर लावूनसुद्धा उशीर झाला. मग रेंगाळली असती तर? जग गेलं असतं, विलोचा मंत्र पण गेला असता.

युधिष्ठिराचं 'नरो वा कुंजरो वा' चालतं, कारण कृष्णाने सांगितलं. झँडरला कृष्ण नव्हता, त्याने सतराव्या वर्षी स्वतःच्या जिवावर निर्णय घेतला. ना शक्ती, ना मंत्र, मोडका हात आणि दगड. आख्ख्या ग्रुपमध्ये हा एकटा असा आहे की जो मार खायची खात्री असताना जातो. सहाव्या सीझनच्या शेवटी जग बुडवायला निघालेल्या विलोसमोर कोण उभं राहिलं? ती छातीवर वार करतेय आणि हा बालवाडीतल्या पिवळ्या खडूची गोष्ट सांगतोय. ते पण खात्यावर लिहा की.

गाण्यांच्या भागाबद्दल मात्र काहीच बोलू शकत नाही. तिथे तो सुटायला नको होता.

सोनचाफा

केद्या, खडूचं लिहिलंय रे बाबा, जमेच्या बाजूला. रडलेय मी तिथे.

पण युधिष्ठिर तू काढलास ते बरं केलंस. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या एका वाक्याने खाली टेकला. तिथल्या तिथे. शेवटी स्वर्गात गेल्यावरही त्याला नरक बघावा लागला, आणि इंद्र कारण हेच सांगतो की द्रोणाला तू पुत्राच्या बाबतीत फसवलंस. व्यासांनी धर्मराजालाही सूट दिली नाही. आणि एक, द्रोणाशी युधिष्ठिराचं मुलीवरून वैर नव्हतं! झँडरचं एंजलशी पहिल्या दिवसापासून होतं. 'बिकमिंग'च्याच पहिल्या भागात तो बफीला सगळ्यांदेखत टोमणा मारतो की जेनीचा खून विसरून तुला तुझा बॉयफ्रेंड परत हवाय. राग खरा आहे, जेनीसाठीचा पण खरा आहे. मत्सर त्यात किती आणि न्याय किती हे त्यालाही सांगता येणार नाही. मग असा माणूस निरोप बदलतो तेव्हा मी त्याला सेनापती कशी म्हणू?

लढाईचं तुझं गणित कदाचित बरोबर असेल. पण ते गणित बफीने मांडायचं होतं. तलवार तिच्या हातात होती.

वकीलबुवा

धागा वाचून राहवलं नाही. सनीडेल कॅलिफोर्नियात असलं तरी खटला आपण नाशिकला चालवू.

आधी एंजल. त्याच्या बाजूने वकील म्हणून पहिल्यांदा मी भारतीय न्याय संहितेचं कलम २३ उघडेन (जुनं आयपीसी ८५). इच्छेविरुद्ध किंवा नकळत नशा दिली गेली आणि आपण काय करतोय, ते गैर आहे, हे कळण्याची क्षमताच उरली नाही, तर तो गुन्हा नाही. शापातली अट एंजलला कोणी सांगितलेली नव्हती. खुद्द जेनीलाही ती आधी ठाऊक नव्हती. म्हणजे 'नकळत' हे बसतं. गाडी अडते ती पुढच्या अटीवर. एंजलसला आपण काय करतोय ते अगदी छान कळतंय! गैर आहे हे कळतं म्हणूनच त्याला मजा येते. गुलाबाच्या पाकळ्या टाकणारा माणूस 'मला समजत नव्हतं' म्हणू शकत नाही. कलम २२, म्हणजे वेडाचा बचाव, तोही याच खडकावर फुटतो. उरतं एकच, 'तो मी नव्हेच'. आणि शरीर तेच, आठवणी त्याच, असं असताना कोर्ट हे ऐकून घेणार नाही. सोनचाफाताईंच्या लेकीच्या मैत्रिणीला माझा निरोप द्या: एंजल मला आवडतो, पण बचाव कच्चा आहे.

गंमत अशी की एंजल स्वतः हा बचाव कधी घेतच नाही. शंभर वर्षं तो ते खून आपलेच म्हणून वागवतो. चाहते त्याच्यापेक्षा जास्त कायदेशीर झालेत.

आता विलो. इथे ताईंशी मी पूर्ण सहमत, आणि जरा जास्तच कडक आहे. कलम २८ (जुनं ९०) म्हणतं की वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नाही, आणि समोरच्याला तो गैरसमज माहीत असेल तर मुळीच नाही. टारा त्या रात्री विलोच्या जवळ जाते ती भांडण झालंच नाही अशा समजुतीवर. तो समज विलोने स्वतः तयार केलेला. 'बाथरूमचा प्रसंग' म्हणून आपण जो गप्प होऊन बाजूला ठेवतो, त्याच्याच शेजारी हा ठेवायला पाहिजे. फक्त इथे पार्श्वसंगीत गोड आहे.

व्यसनाचा मुद्दा: स्वतःहून केलेली नशा बचाव होत नाही. विषय संपला.

रेवा_एनजे

मी ही मालिका टीव्हीवर लागत होती तेव्हा बघितलेली आहे, त्यामुळे थोडं म्हातारीच्या अधिकाराने बोलते. एंजलचा आत्मा जातो तो दोन भागांचा मामला जानेवारी १९९८ मध्ये लागोपाठ सोमवार-मंगळवारी दाखवला होता आणि तिथून मालिका मंगळवारची झाली. आमच्या डॉर्मच्या कॉमन रूममध्ये एकच टीव्ही, कार्पेटवर मांडी घालून सगळ्या. 'बिकमिंग' लागला त्या मे महिन्यात झँडरने तो खोटा निरोप दिला तेव्हा अर्ध्या खोलीने टाळ्या वाजवल्या होत्या! हे विसरू नका. तेव्हा सगळ्यांना एंजलस मरायला हवा होता. पंधरा मिनिटांनी त्याच टाळ्या वाजवणाऱ्या पोरी उशीत तोंड खुपसून बसल्या. पुढचा भाग थेट ऑक्टोबरच्या तोंडावर, अख्खा उन्हाळा नुसती चर्चा. मला वाटतं लेखकांनी झँडरचं खोटं आपल्या हाताने आपल्याकडून पास करून घेतलं. त्याला ढिसाळपणा म्हणू नये.

आणि ते विसरलेले नव्हते याचा पुरावा सातव्या सीझनमध्ये आहे, 'सेल्फलेस', ऑक्टोबर २००२. आन्या पुन्हा सूडाची राक्षसीण झालीय, मुलं मारलीयत, बफी तिला संपवायला निघालीय. झँडर आडवा येतो. तेव्हा बफी उसळते की मी एंजलला मारलं तेव्हा तुम्ही दोघं टाळ्या पिटत होतात, विलोचा निरोप तूच आणलास. विलो चमकते, मी असं म्हणालेच नव्हते म्हणते, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत झँडर आपलं घोडं पुढे दामटतो. साडेचार वर्षांनी सत्य बाहेर आलं आणि एका सेकंदात बुजवलं गेलं. आणि बघा ना, त्या क्षणी तो काय करतोय? आपल्या प्रेमाच्या माणसासाठी तीच सवलत मागतोय जी त्याने बफीला मिळू दिली नव्हती. मला तर हे शिक्षेपेक्षा भारी वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. सोनचाफा, तुम्ही बफीचं नाव यादीत का नाही घातलं? 'डेड थिंग्ज'मध्ये ती त्या गल्लीत स्पाइकला तोंड ओळखू येणार नाही इतकं बडवते, आणि तो मार खात राहतो. स्पाइक बिनआत्म्याचा म्हणजे त्याला मारलं तर ते गिनतीत नाही, असं आपण सगळ्यांनीच धरून चाललोय. त्याने नंतर जे केलं त्याचं हे समर्थन मुळीच नाही. तो प्रसंग करणं अतिशय जड गेलं असं स्पाइक झालेल्या जेम्स मार्स्टर्सने नंतर अनेकदा सांगितलंय, आणि बघणंही जड जातं. पण त्या नात्यात तिच्याकडूनही जे झालं त्याला नाव द्या.

तटस्थ

बफी पाहिलेली नाही, पाहणारही नाही. पण आपल्याकडच्या बिनभुतांच्या मालिकांत नवरा दोन-दोन घरं करतो आणि वटपौर्णिमेला बायको त्याच्याचसाठी दोरा गुंडाळते, त्यावर एवढा लांब धागा कधी निघाला नाही. चालू द्या.

केद्या

@तटस्थ, काढा ना तुम्ही, आम्ही येतो.

@रेवा, 'सेल्फलेस'चा मुद्दा मान्य, पण झँडरला शिक्षा झाली नाही असं म्हणू नका. लग्नाच्या मंडपातून आन्याला सोडून पळाला त्याची पूर्ण किंमत भरली. ती राक्षसीण झाली ती त्याच्यामुळे. शेवटच्या भागात ती मेली आणि याला तिचं शेवटचं दर्शनही नाही. एक डोळा गेला तो वेगळाच.

सोनचाफा

रेवा, टाळ्यांचं वाचून मजा आली आणि जरा खजीलही झाले, कारण लेक सांगते की मी त्या क्षणी "बरं झालं" म्हणाले होते. ती मोबाइलवर हे वाचत शेजारीच बसलीय, तेव्हा नाकारता येणार नाही.

बफी यादीत नाही याचं कारण आहे. त्या गल्लीतला मार मालिकेने हसण्यावारी नेलेला नाही. ती आपले हात बघते आणि हादरते. त्याच भागाच्या शेवटी टाराच्या मांडीवर डोकं ठेवून, मला माफ करू नकोस, असं म्हणत रडते. मरून परत येताना आपल्यात काहीतरी बिघडून आलंय असं खात्रीशीर कारण तिला हवं असतं, आणि टारा सांगते की तुझ्यात काही बिघाड नाही. म्हणजे तिची पळवाट तिथेच बंद झाली. असं विलोसाठी कोणी केलं का? तिला इंग्लंडमध्ये जाइल्सकडे पाठवलं, चेटकिणींच्या सोबतीने बरं व्हायला, हिरवळीवर बसून फुलं उगवायला. वॉरनला मारल्याबद्दल तिला टोचणी आहे, सातव्या सीझनमध्ये एक अख्खा भाग त्यावर आहे. टाराच्या डोक्याशी खेळल्याबद्दल तेवढं वजन कुठे दिसत नाही.

वकीलबुवा, कलम २८ वाचून अंगावर काटा आला. मला जे वाटत होतं ते नीट शब्दांत सापडत नव्हतं. एक मात्र विलोच्या बाजूने. 'एन्ट्रॉपी'मध्ये टारा परत येते. विश्वास पुन्हा हळूहळू बांधावा लागेल, खूप वेळ लागेल, हे सगळं स्वतःच बोलते आणि मग विचारते की आपण ते सगळं सोडून एकदम पुढे जाऊया का. सगळं आठवत असताना. काय झालं हे पूर्ण माहीत असताना. अख्ख्या मालिकेत असं दुसरं कोणाला मिळालं? बफीला झँडरला माफ करायची संधीच मिळाली नाही, तिला कळूच दिलं नाही काय माफ करायचं ते. (आणि पुढच्याच भागात टारा झालेल्या अँबर बेन्सनचं नाव पहिल्यांदा सुरुवातीच्या श्रेयनामावलीत येतं आणि त्याच भागात टाराला गोळी लागते. हा क्रूरपणा कोणत्या कलमात बसतो?)

बुवा, जाइल्सचं राहिलं. पाचव्या सीझनचा शेवट. ग्लोरी मार खाऊन बेन झालीय (दोघं एकाच शरीरात राहतात), बेन माणूस आहे, बफी त्याला सोडून निघून जाते. जाइल्स त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसतो, चश्मा घालतो, आणि ती नायिका आहे, आपल्यासारखी नाही, अशा अर्थाचं काहीतरी शांतपणे सांगत त्याचं नाक-तोंड दाबून धरतो. लेक म्हणते गरज होती. मला गरज पटते आणि तो चश्मा डोळ्यांसमोरून जात नाही.

वकीलबुवा

जाइल्सला कलम १०३, खून. पूर्वीचं ३०२. खासगी बचावाचा हक्क सांगता येणार नाही, कारण बेन जमिनीवर पडलेला, निःशस्त्र, आणि ग्लोरी परत कधी येईल ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. नशा नाही, वेड नाही, शाप नाही. इरादा इतका स्वच्छ की आरोपपत्र दोन पानांत आटपेल.

तरी त्याचं वकीलपत्र मी घेईन. अठराव्या वाढदिवसाच्या त्या परीक्षेत त्याने बफीला चोरून इंजेक्शनं दिली होती, आठवतंय? तेव्हा त्यानेच तोंडाने कबूल केलं, तिची नजर सोसली आणि नोकरीही घालवली. हा माणूस कोर्टात उभा राहून 'मी केलं' एवढंच म्हणेल. असा अशील मिळत नाही.

केद्या, तुझ्या झँडरला दुसरा वकील बघ. विलो साक्षीला उभी राहून बोलत असताना जो तिचं वाक्य तोडतो, त्याची उलटतपासणी मला समोरच्या बाजूने घ्यायची आहे.

केद्या

बुवा, मी घेतो त्याचं वकीलपत्र! काकू, तुमच्या लेकीला साक्षीदार करा, 'बरं झालं' म्हणालात ते तिच्याकडून वदवून घेतो.